भोंगा बंद होणारी गल्ली

नोकरी संपली, पण तो आवाज काही कानातून जात नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा निरीक्षक होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी एका टेम्पोवरच्या भोंग्यातून सवलतीच्या सौर पंपांची जाहिरात गावभर फिरली. लोकांनी आगाऊ पैसे भरले आणि पंपवाले पसार झाले. तक्रारीला आलेला जो तो एकच सांगे, "चाचानं सांगितलं म्हणून भरले."

चाचा म्हणजे गावचे पुकारणारे. स्वतःची रिक्षा, हातात माईक. हरवलेलं लेकरू असो, मयत असो की ग्रामसभा, गाव त्यांच्याच तोंडून ऐकायचं. लोक त्यांच्या दारावर चालून गेले, तेव्हा मी त्यांना ठाण्यात आणून बसवलं. कुणीतरी मोबाइलवर घेतलेली जाहिरात ऐकवली. चाचांनी ती पुन्हा लावायला सांगितली.

"साहेब, आवाज माझाच हाय. पन मी बोललो न्हाई."

हवालदार हसले. असल्या सबबी आम्ही पोत्यानं ऐकलेल्या.

चाचांच्या बाजूनं गावचीच एक वकील मुलगी आली. पुण्यात ती गायक-कलाकारांच्या हक्कांचे खटले लढायची, आईच्या आजारपणासाठी गावी परतली होती. तिनं चाचांनाच विचारलं, "तुमचा आवाज भरून ठेवलेला कुणाकडं हाय?"

"वारंगा फाट्यावर. लग्नाचे व्हिडिओ करतो, त्याच्याकडं. माझ्या जाहिराती त्योच भरून द्यायचा."

"सर, तेवढ्या नमुन्यावर कॉम्प्युटर हुबेहूब बोलतो," ती मला म्हणाली.

नुसत्या शक्यतेवर मी कुणाच्या दुकानात शिरत नसे. टेम्पो गेलेल्या गल्ल्यांत जबाब घेत फिरलो. एका बाईचा तरुण मुलगा अपघातात गेला होता, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. ती म्हणाली, "माझं लेकरू गेलं तवापासून चाचा आमच्या गल्लीत भोंगा बंद करतेत. त्या दिशी भोंगा वरडतच गेला. ते चाचा नव्हतेच."

मी थेट फाट्यावर गेलो. दुकानदार पक्का बनेल. "चाचा सोता येऊन बोलून गेले," म्हणाला. वकीलबाईंनी सुचवलं होतं तसं मी विचारलं, "मग चुकलेलं, खोकलेलं, परत बोललेलं कुठं हाय?" माणूस खरंच बोलला असता तर तसले तुकडे उरले असते; त्याला एकही दाखवता येईना. पंचांसमक्ष संगणक जप्त केला. चाचांच्या जुन्या जाहिराती आणि त्यांच्यावरून बनवलेला आवाज, दोन्ही त्यातच सापडलं.

"आवाज काय कुनाच्या बापाचा असतो व्हय?" गडी उसळला.

"असतो. कोर्टात सांगतील," मी म्हणालो. पंपवालेही त्याच्याच तोंडून कळले.

चाचा सुटले, पण खरी पंचाईत पुढेच होती. ती जाहिरात खोटी होती, हे गावाला सांगायचं कुणी? त्यांच्या आवाजावर आता कुणाचा भरवसा उरला नव्हता. आणि त्यांचं पोट त्या आवाजावरच. तरी ते निघाले, माईक न घेता, पायी. मीही सोबत होतो. लोक ऐकत आणि तोंड फिरवत. मला फार वाईट वाटलं.

त्या बाईच्या गल्लीत चाचा सवयीनं गप्प झाले. मान खाली घालून चालू लागले. तेवढ्यात ती ओट्यावर आली.

"बोला चाचा. आज बोला."

चाचांनी नसलेल्या माईकसाठी हात तोंडाशी नेला आणि तसाच खाली घेतला. मग तीच पदर खोचून ओरडली, "ऐका वो सगळे! ते बोलनं चाचाचं नव्हतं!"

दारं उघडली. लोक बाहेर आले. काय ऐकलं, एवढंच मी आयुष्यभर साक्षीदारांना विचारत आलो होतो. कोण कुठं गप्प राहतं, हेही विचारायचं असतं, ते मला त्या गल्लीत कळलं.