मामांचा पुकारा

माझ्या बायकोच्या मामांइतका सरळ माणूस अख्ख्या नाशकात सापडायचा नाही. सरळ म्हणजे अगदी रुळासारखा. जरा वळायचं झालं तरी दुसऱ्या कुणाला तरी सांधा बदलून द्यावा लागतो. मनमाडहून येवला, कोपरगावकडे जाणारी डिझेलची पॅसेंजर त्यांनी जन्मभर चालवली. कोळशाची इंजिनं गेली तेव्हा ते सहायक म्हणून लागले आणि डिझेल म्हातारं झालं तेव्हा निवृत्त झाले. आता इंदिरानगरात राहतात, पण ते इंजिनातून खाली उतरले असं काही मला वाटत नाही. किराणा घ्यायला गेले की स्कूटर दुकानाबाहेर चालूच! "अहो मामा, पेट्रोल जळतंय," म्हटलं की म्हणायचे, "जावईबापू, थंडावलेलं इंजिन लवकर जीव धरत नाय." एका लग्नात जनरेटरची घरघर ऐकून ते भरल्या पंगतीतून उठले. "याला धाप लागलीय," म्हणत त्याच्याजवळ कान लावून बसले. जनरेटर बिचारा शेवटपर्यंत नीट चालला, मामांची जिलबी मात्र हुकली.

पण खरी कमाल त्यांच्या पुकाऱ्याची. इंजिनात रीत असते, की सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं हात उचलून त्याचा रंग मोठ्यानं सांगायचा आणि सहायकानं तोच परत म्हणायचा. मामांनी ही रीत संसारात आणली. मुंबई नाक्याला दिवा बदलला की स्कूटरवरून आरोळी जायची, "हिरवा!" पाठीमागून मामींनी "हिरवा!" म्हटल्याशिवाय स्कूटर हलायची नाही, मग मागचे रिक्षावाले हॉर्न बडवून बडवून थकू देत. "लाज आणली बाई या माणसानं," मामी पदराआडून पुटपुटायच्या. पण "हिरवा" म्हणायच्याच.

एवढं असून मामी मामांच्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. त्यांचं माहेर येवल्याचं, त्याच मार्गावरचं, तरी माहेरी जायचं ते एसटीनं. मामांचा दंडकच तसा होता. "घरचं माणूस डब्यात असलं की लक्ष मागं जातं. ड्रायव्हरचं लक्ष पुढं पायजे." निवृत्त झालो की नेतो, म्हणाले होते. मग कधी नातवाचं बारसं, कधी मामींचे गुडघे. अशात मामींना काचबिंदू निघाला. उरलेली नजर जपायची, गेलेली काही परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर मामी एवढंच म्हणाल्या, "डोळे हायेत तोवर तुमची वाट दाखवा मला."

मी दोघांना घेऊन मनमाडला गेलो. गाडी लागली आणि मामा बाकावर मटकन बसले. पुढे विजेचं इंजिन होतं. डिझेल जाणार हे त्यांना ठाऊक होतं, पण आपलं इंजिन अजून थोडं थांबेल असं त्यांनी मनाशी धरलं होतं. "काढलं डिझेल. आता काय दाखवू हिला? चला परत." सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा आवाज असा फुटलेला मला ऐकवेना. मामींनी चाचपडत त्यांचा दंड धरला. "अहो, मला काय करायचंय इंजिन? मला तुमच्या शेजारी बसून माहेरी जायचंय."

तशी मग गाडी निघाली. मामी खिडकीशी, मामा त्यांना खेटून. "हा बघ अंकाईचा डोंगर," ते म्हणाले. "दिसतोय हो, धुक्यातल्यावानी," मामी म्हणाल्या. एका वळणावर गाडीचा पुढचा भाग दिसला, त्यापुढं सिग्नल, आणि मामांचा हात आपसूक वर गेला. "हिरवा!"

"हिरवा!" मामींनी लगेच साथ दिली.

"दिसला तुम्हाला?" मी न राहवून विचारलं.

"नाय ओ जावईबापू," मामी हसल्या. "आधी तरी कुठं दिसायचा? मी तर यांच्या पाठीमागं बसायचे."

आता मामींना उजेड आणि अंधार तेवढाच कळतो. स्कूटर विकून टाकली. संध्याकाळी दोघं हातात हात घालून जॉगिंग ट्रॅकवर येतात. "पुढं पायरी!" मामा हात उचलून पुकारतात. "पायरी!" मामी म्हणतात, आणि ते ऐकल्याशिवाय मामा पाऊल टाकत नाहीत. पोरंटोरं हसतात. मला हसू येत नाही. जन्मभर पुढं बघून चाललेला हा माणूस आता सबंध ट्रॅकभर तिच्या पावलांकडे बघत चालतो.