शेवटच्या गाण्याआधीची बस

आदिलाबादला कॉलेजात असताना दर गुरुवारी संध्याकाळी मी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्हीपाशी थांबायचो. सरकारी टीव्हीवर घरगुती मैफलीचा कार्यक्रम लागे. गाणारा सतरंजीवर, ऐकणारे त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून.

भाजी विकून परतणारी एक बाई रिकामी टोपली कमरेवर घेऊन दारात उभी असायची. बसा म्हटलं तरी बसायची नाही. एक डोळा टीव्हीवर, दुसरा तामसी गावाच्या शेवटच्या बसवर. शेवटचं गाणं लागलं की नेमका हॉर्न वाजायचा आणि ती पळायची. मीही त्याच बसनं जायचो.

एकदा मी धीर करून म्हणालो, "मावशी, आज पुरं आयका. मी बस थांबवतो."

हॉर्न वाजायच्या आत मी बसपाशी जाऊन कंडक्टरला थांबायला सांगितलं. तो हसला. "गाने के वास्ते बस रोकते क्या?" पण थांबला.

तरी ती लगेच धापा टाकत आलीच.

"काऊन आल्या? गाणं बाकी हाये ना!"

"लोकं इथं खोळंबून राह्यले, बाबू. मंग तिथं गाणं कानात शिरते काय?"

आता मी पुढचं शिकायला मोठ्या शहरात आलोय. वसतिगृहातल्या टीव्हीवर मैफल शेवटपर्यंत ऐकता येते, कुठली बस गाठायची नसते. तरी शेवटचं गाणं सुरू झालं की मी उठून दारात जाऊन उभा राहतो.