आतली बाजू माझी नाही

टॅक्सी स्टँडवर किस्से साठतात ते गिऱ्हाईक नसतं म्हणून. गिऱ्हाईक असतं तेव्हा माणूस गाडी चालवतो, नसतं तेव्हा तोंड. म्हैसूरच्या गोकुलम भागातल्या आमच्या स्टँडवर एके काळी चार गाड्या होत्या, तेव्हा एक किस्सा सांगायला घेतला की बाकीचे तिघे तो मध्येच हिसकावून घ्यायचे. आता मोबाईलवरच्या टॅक्सी आल्या, स्टँडवर मी एकटा उरलो. किस्से सगळे माझ्याकडेच राहिले आहेत आणि ऐकणारं कुणी नाही. बायको शांता गेल्यापासून घरीही तेच. मुलगा बंगळूरला, त्याचं मराठी ‘जेवलात का’च्या पुढे जात नाही. आमचे पूर्वज म्हणे घोड्यावर बसून म्हैसूरच्या फौजेत आले. त्यांच्या वंशजाला आज मराठीत भांडायला माणूस मिळत नाही. म्हणून लिहून काढतो झालं.

*

आधी आमच्या स्टँडची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गाडीची काच एकट्यानं पुसायची नाही. जोडीनं पुसायची, एक जण आत, एक बाहेर. बाहेरच्यानं हात वरून खाली, म्हणजे उभा फिरवायचा. आतल्यानं आडवा. मग उन्हात एखादी रेघ दिसली की वादच नाही. रेघ उभी असेल तर बाहेरच्याची, आडवी असेल तर आतल्याची. जिथं रेघ दिसेल तिथं समोरच्यानं नखानं काचेवर टकटक करायचं आणि ज्याची रेघ त्यानंच पुसायची. दुसऱ्याच्या बाजूला हात लावायचा नाही.

ही युक्ती माझी. त्यामुळे स्टँडवरचे सगळे कन्नड ड्रायव्हर दोन मराठी शब्द शिकले, ‘उभं’ आणि ‘आडवं’. घराबाहेर मला ऐकू येणारं मराठी तेवढंच.

माझा जोडीदार महादेवप्पा. मूळचा कृष्णराजनगरचा, अंगानं आडवा, म्हणून आतली बाजू त्याची. मी बाहेर. बावीस वर्षं रोज सकाळी आम्ही एका काचेच्या दोन बाजूंना, नाकासमोर नाक. शांता म्हणायची, “माझं तोंड तरी स्वल्प बघत जा की तेवढा वेळ.”

*

काच पुसायची तर ऊन चढायच्या आत. नाहीतर पाणी काचेवरच सुकतं आणि डाग धरतं. साबण नको, पाण्यात थोडा व्हिनेगर. आधी जुन्या पंच्याचा तुकडा, मग ओलसर वर्तमानपत्र, मग कोरडं. आणि शेवटी काच दोन बोटं खाली करून वरची कड पुसायची. ती सगळे विसरतात.

एवढं केलं की काच आहे की नाही तेच कळत नाही. हीच पंचाईत झाली. एका निवृत्त हेडमास्तरांना नंजनगुडला नेत होतो. विड्याची पानं म्हैसूरची, चुना दांडगा, तोंड भरलेलं. मास्तरांनी बाहेर बघितलं, शेतं छान दिसत होती. त्यांनी मान वळवली आणि पूर्ण विश्वासानं पिंक टाकली!

काच बंद होती.

संध्याकाळी गाडी स्टँडवर लावली. महादेवप्पा त्या लाल नकाशाकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे बघायला लागला, की आज तरी हा मदत करील. मी शांतपणे बादली बाहेर ठेवली.

“आतली बाजू माझी नाही,” मी म्हणालो.

तेव्हापासून ते वाक्य स्टँडचं झालं. कन्नडमध्ये ‘वळगडे सैडु नंदल्ला’ म्हणत सगळे अंग काढून घ्यायला लागले. आमच्यातलाच एक ड्रायव्हर नंजुंडा, त्याच्या मुलीच्या लग्नात सारात मीठ दोनदा पडलं. व्याही तावातावानं विचारायला आले, तर नंजुंडा, मुलीचा सख्खा बाप, गंभीर चेहऱ्यानं तेच म्हणाला आणि पानसुपारीच्या ताटाकडे निघून गेला.

*

हाच नंजुंडा भाविक फार. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, गाड्यांना हार, चाकांखाली लिंबू, समोर कोहळा फोडायचा, हे सगळेच करतात. पण नंजुंडाला वाटलं, काचेवरची विभूती दुपारपर्यंत उडून जाते, देवाचं रक्षण अर्धा दिवसच का? त्यानं विभूती खोबरेल तेलात कालवली आणि पुढच्या काचेवर तीन जाड पट्टे ओढले.

गिऱ्हाईक घेऊन परत येताना हिनकलजवळ भुरभुर पाऊस लागला. त्यानं वायपर चालू केला. दोन फेऱ्यांत सगळी काच पांढरी झाली, कैलास पर्वत पुढ्यात आल्यासारखी. पठ्ठ्यानं मुंडकं खिडकीबाहेर काढून गोकुलमपर्यंत गाडी आणली. मागच्या सीटवरच्या बाई सगळा रस्ता नामस्मरण करत होत्या. उतरताना त्यांनी त्याला दहा रुपये जास्त दिले आणि म्हणाल्या, इतकी भक्ती त्यांच्या हातून देवळातही झाली नव्हती.

ती काच स्वच्छ करायला महादेवप्पाला आणि मला दोन सकाळी लागल्या. नंजुंडा बाजूला उभा राहून सांगत होता की बघा, अपघात झाला नाही ना.

*

शांता गेली तेव्हा तेरावं करून चौदाव्या दिवशी मी स्टँडवर गेलो.   महादेवप्पा माझ्या गाडीत आत जाऊन बसला. मी बाहेरून पुसायला लागलो.

पुसून झालं तशी त्यानं टकटक केली. वरचा कोपरा. मी पुसला. पुन्हा टकटक, खालची कड. मला तिथं काही दिसेना, पण रीत म्हणजे रीत. मी पुसली. चारी काचा झाल्या, मागची झाली, पुढची झाली. तो पुन्हा पहिल्या काचेवर आला आणि टकटक करायला लागला. दहा वाजले, अकरा वाजले, उन्हात काचा लखलखत होत्या. दोन गिऱ्हाइकं आली ती त्यानं हातानंच नंजुंडाकडे पाठवली.

माझे डोळे वाहत होते आणि हात चालत होते. त्या दिवशी काचेवर एवढे डाग कुठून आले, देव जाणे.

*

या माणसाशी मी भांडलो. खरं म्हणजे भांडलोही नाही, तेच वाईट झालं.

महादेवप्पाची नजर कमी होत चालली होती. आतून एखादी बारीक आडवी रेघ राहून जायची. टकटक केली असती तर त्यानं पुसली असती, पण त्याला ती दिसायचीच नाही, नुसता चाचपडायचा. मला ते बघवेना. मग मी टकटक करणं सोडलं. तो चहाला गेला की मी गाडीत शिरायचो आणि आतली बाजू गुपचूप पुसून घ्यायचो. काही महिने असं चाललं.

एकदा तो विसरलेली तंबाखूची डबी घ्यायला अर्ध्या वाटेतून परत आला. मी आत बसलेला, हातात वर्तमानपत्र. तो खिडकीशी उभा राहिला.

“बावीस वर्षं झाली, राव. एकदा टकटक करायची होतीस.”

तुझी नजर गेली आहे हे मी कसं सांगणार होतो? मी वर्तमानपत्राची घडी घालत राहिलो. त्याला वाटलं असणार, याला आपला हात पटत नाही. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही आणि मीही बोललो नाही. आमच्या घराण्यात दुसरं काही उरलं नसलं तरी ताठा शिल्लक आहे. पण रीत मोडली नाही हं. रोज सकाळी तो आत, मी बाहेर, मुकाट्यानं. दोन महिन्यांनी एका सोमवारी तो आलाच नाही. नंजुंडाकडून कळलं की गाडी विकून मुलाकडे कृष्णराजनगरला गेला, भातशेती बघायला. मला सांगूनसुद्धा गेला नाही.

*

मग मी एकटा काच पुसायला लागलो. बाहेरून उभं पुसायचं, दार उघडून आत जायचं, आडवं पुसायचं. आतून बाहेरची रेघ दिसायची. टकटक करून उपयोग काय, बाहेर कुणी नाही. मग बाहेर यायचं. बाहेर आलं की आतली दिसायची. या वयात गुडघ्यांची ही परीक्षा! वाकायचं, शिरायचं, वळायचं, निघायचं, एका काचेला दहादा.

समोर नारळपाणी पीत एक परदेशी मुलगी उभी असायची, योग शिकायला आलेली. तिनं तीन दिवस माझं निरीक्षण केलं. चौथ्या दिवशी हात जोडून जवळ आली आणि इंग्रजीत विचारलं की हा प्रकार कुठल्या शाळेत शिकवतात.

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी सांगितलं की माझा जोडीदार गेला.

तिनं डोळे मिटून मान हलवली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन बघायला आली.

हा किस्सा महादेवप्पाला सांगितला असता तर तो पोट धरून हसला असता. किस्सा दिवसभर माझ्याजवळ पडून राहिला. पुढं नंजुंडानंही गाडी काढून टाकली, चौथा ड्रायव्हर तर आधीच गेला होता. स्टँडवर फक्त सावलीचं झाड उरलं, आणि मी.

*

मग एक दिवस महादेवप्पाच्या मुलाचा, मंजूचा, फोन आला. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, आणि ते बोलतच नव्हते. डॉक्टर म्हणत होते एखाददुसरा शब्द यायला हवा, पण ते तोंडच उघडत नव्हते.

उद्या जाऊ, परवा जाऊ करत मी तीन आठवडे काढले. आजाराची भीती नव्हती. मला बघून त्यानं तोंड फिरवलं तर काय, ही भीती होती.

शेवटी गेलो. तो ओसरीत खुर्चीवर बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. मागं उभ्या गाडीकडे बघत राहिला. राग होता की आजार, मला कळेना. सून पाणी ठेवून गेली. मी दोन गोष्टी बोललो, त्या हवेत गेल्या.

मग मी उठलो, डिकीतली बादली काढली आणि पुढची डाव्या बाजूची काच बाहेरून पुसायला लागलो. वरून खाली.

ओसरीत काठी आपटल्याचा आवाज आला. महादेवप्पानं मंजूला गाडीकडे खूण केली होती. मंजूनं त्याला धरून आणलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. मी ओलसर वर्तमानपत्राची घडी त्याच्या डाव्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

डावा हात, त्यातून नजर अधू. काचेवर रेघाच रेघा उठल्या, नांगरल्यासारख्या. मंजू मागून हळूच म्हणाला, काका, मी नंतर पुसून देतो. मी त्याला हातानं थांबवलं.

आणि नख टेकवून टकटक केली.

महादेवप्पानं मान वर केली. कितीतरी महिन्यांनी नाकासमोर नाक आलं. त्यानं काचेवर डोळे बारीक केले, माझं बोट शोधलं आणि तोंड वाकडं करून मोठ्या कष्टानं एक शब्द बाहेर काढला.

“आडवं.”

मंजू रडायलाच लागला. महादेवप्पाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तो आपली रेघ पुसत होता. ती गेली नाही, उलट बाजूला आणखी दोन झाल्या. मग त्यानं माझ्या बाजूला एका कोपऱ्यात टकटक केली. तिथं काही नव्हतं. मी पुसलं. त्यानं पुन्हा दुसरीकडे केली. तिथंही काही नव्हतं. सून दोनदा चहाला बोलावून गेली.

*

परवा हिनकलहून एक गिऱ्हाईक मिळालं, पुण्याकडची मुलगी, इथं नव्यानं नोकरीला आलेली. पुढंच बसली. मी मराठी बोलतो म्हटल्यावर तिला कोण आनंद. सगळा रस्ता बडबडत होती, मीही बोललो. वळणावर ऊन तिच्या बाजूच्या काचेवर आलं आणि आतल्या रेघांमुळे तिला बाहेरचं दिसेना. तिनं पर्समधून कागदी रुमाल काढला.

“काका, ही काच आतून खराब झालीये. पुसू का?”

“राहू दे बाळ,” मी म्हणालो. “आतली बाजू माझी नाही.”