डोरीनबाईंच्या खिडकीतला कागद

इंग्लंडात निवडणूक आली की लोक आपल्या पक्षाचा कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवतात आणि निकाल लागला की काढून टाकतात. समोरच्या डोरीनबाईंनी मात्र तो अजून काढलेला नाही. त्यांचाच पक्ष जिंकला. सरकार येऊन दुसरा हिवाळा लागला आणि कागदाचा रंग पार विटला.

काल त्यांच्याकडे चहाला गेले, तर बाई घरातही कोट घालून बसलेल्या. हीटर लावणं परवडत नाही. टीव्हीवर मंत्री हीटरच्या वाढत्या बिलांबद्दल सांगत होते, "विचार चालू आहे, घाई करणार नाही." निवेदकानं एक बाजू ऐकली, दुसरी ऐकली आणि हसत हवामानाकडे वळला. थंडीलाही जणू दोन बाजू असतात! दुष्ट सरकारवर निदान ओरडता तरी येतं. प्रत्येक वेळी "तुमचं म्हणणं कळतंय" म्हणणाऱ्यांवर ओरडायचं कसं?

"तो कागद अजून ठेवलाय, म्हणजे आशा आहे तर," मी म्हटलं.

"छे गं," बाई म्हणाल्या, "तिथं काचेला तडा गेलाय. तेवढाच वारा अडतो."

निघताना मी कागदाला हात लावून पाहिला. कडेनं गार वारा आत येतच होता.