एक काना

लिंबाजी गेल्याचं मला नवव्या दिवशी कळलं. चुडाव्याहून त्याच्या मुलीचं, शांताचं, पोस्टकार्ड आलं. "बाबा गेले. तुमचा एक कागद आमच्याकडे आहे, घेऊन जावा." एवढंच. कोणता कागद, हे मला गाडीत बसण्याआधीच कळलं होतं.

आम्ही एका गावचे, चौथीपर्यंत एका वर्गातले. एका बाकावरचे असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. तो दाराजवळ बसायचा. पुढं मी गावच्याच शाळेत मराठी शिकवायला लागलो आणि तो गवंडी झाला. शाळेची नवी खोली त्यानंच बांधली. मला चारचौघांत 'गुरुजी' म्हणायचा आणि वर चिमटा काढायचा, "भिंती मी सरळ केल्यात, पोरं तेवढी तुमी करा."

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला, त्या पहिल्या वर्षी आमच्या गावात भर दिवसा बौद्धवाड्याला आग लागली. लागली कसली, लावली. लिंबाजी आपल्या माळवदावर चढून शेजारच्या छपरावर पाणी ओतत होता. खाली उतरायला त्यानं शिडीवर पाय ठेवला आणि माझ्या सख्ख्या चुलत्यानं शिडी ओढली. मी आमच्या माळवदावरून हे पाहत होतो. खाली उतरलो नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी शाळेत होतो असं सांगितलं. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, पण ते कुणी ताडून पाहिलं नाही.

त्याचा खुबा मोडला, तो नीट बसलाच नाही. कुबडी आली, गवंडीकाम गेलं. बायको लोकांच्या रानात जायची आणि हा दारात बसून बाजा विणायचा. काही वर्षांनी निराधारांना सरकारचा महिन्याचा पगार सुरू झाला, तसा तो परभणीच्या दवाखान्याचा दाखला आणि कोरा अर्ज घेऊन माझ्या ओट्यावर आला. "तुमचं अक्षर चांगलं हाय. लिव्हा."

मी लिहीत गेलो. 'अपंगत्वाचे कारण' या रकान्यात 'उंचावरून पडून' असं लिहिलं. त्यानं बोट ठेवून सावकाश वाचलं. मग माझ्या हातातला पेन घेतला आणि 'प' नि 'ड' यांच्या मधल्या इवल्याशा जागेत दाबून एक रेघ ओढली.

"गुरुजी, काना ऱ्हायला की तुमचा."

"अरे, शिडी सरकली, म्हणून तू पडलासच ना?"

"शिडी सरकली?" तो हसला. "बरंय. तिला पाय हायेत, मला न्हाईत."

मी मराठीचा शिक्षक. 'पडणे' आणि 'पाडणे' यांतला फरक दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवायचो...

तालुक्याच्या कचेरीत कारकुनानं अर्ज उजेडाकडं धरला. "हे पडून का पाडून?"

"पाडून," लिंबाजी म्हणाला.

"खाडाखोड चालत नाही, बाबा. अन् पाडलं तर कुणी, ते सांगावं लागंल. मुकाट 'पडून' असं लिहा, पगार सुरू होईल. न्हाईतर खाली साक्षीदाराची सही आणा. हाय का कुणी?"

मी त्याच्या शेजारीच उभा होतो. कुबडी माझ्या चपलेला लागत होती. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "हाय साहेब," तो म्हणाला. "पर आज आलेला न्हाई."

त्यानंतर दर दिवाळीनंतर तो नवा अर्ज घेऊन यायचा. मी आता न सांगता काना द्यायचो. साक्षीदाराची ओळ मात्र कोरी सोडायचो. तो ती ओळ बघायचा, "यंदा बी आला न्हाई म्हणा," असं म्हणून कागदाची घडी करायचा आणि चहा मागायचा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चुलता वारला तेव्हा वाटलं, आता सही करावी. मग चुलतभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. कारणं मला नेहमी वेळेवर सापडत आली.

बायको गेल्यावर तो मुलीकडं चुडाव्याला गेला. यंदा विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला, त्यानंतर एकदा परभणी स्टेशनावर भेटला. पार वाळला होता. मी म्हणालो, "झालं बाबा एकदाचं."

"व्हय. तिथली पाटी बदलली," तो म्हणाला. "आपला अर्ज तसाच हाय." ती शेवटची भेट.

चुडाव्यात शांतानं मला त्यानंच विणलेल्या बाजेवर बसवलं आणि ट्रंकेतून तो पहिला अर्ज काढून दिला. "बाबा म्हणायचे, गुरुजींचं अक्षर हाय, त्यांचं त्यांला द्या." तिला बाकीचं माहीत होतं की नाही, हे विचारायचं धाडस झालं नाही.

घरी येऊन मी साक्षीदाराच्या ओळीवर सही केली. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. आता कारकून नवा आहे, माझाच विद्यार्थी. त्यानं मला खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि हळूच परत सरकवला. "मयताचा अर्ज घेत न्हाईत, गुरुजी."

तो कागद आता माझ्या टेबलाच्या खणात आहे, शाळेच्या वह्यांखाली. वह्या तपासून झाल्या की रोज एकदा बाहेर काढतो. लिंबाजीनं पेन इतका दाबला होता की कागद पालथा घातला, डोळे मिटून बोट फिरवलं, तरी तो काना हाताला लागतो. माझी सही लागत नाही.