ढाळ बाहेरच्या बाजूला

मिस्त्रींचा आठवडा सहा दिवस सपाट असायचा आणि सातव्या दिवशी तिरका.

सहा दिवस ते लोकांच्या घरांत गुडघ्यांवर बसून फरशी बसवायचे. दोरी ताणायची, माल पसरायचा, फरशी ठेवायची, रबरी हातोडीने चारही कोपऱ्यांवर टकटक करायची आणि पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. घरची बाई चहाचा कप घेऊन ताटकळत उभी राहिली तरी आधी बुडबुडा, मग चहा. नजर इतकी पक्की झालेली की कुणाकडे जेवायला गेले तरी ताटाआधी जमीन बघायचे. "खिडकीखालचं काम कुणी केलं हो?" एवढंच विचारायचे, आणि यजमानांना पुढचा घास गोड लागायचा नाही. शेवटी बायकोने तंबी दिली, "परक्याच्या घरात मान वर ठेवून बसायचं."

बेचाळिसाव्या वर्षी गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर बहुधा तळ्याभोवतीचा गुळगुळीत रस्ता असावा. मिस्त्रींनी मेव्हण्याची जुनी, जाड टायरची सायकल उचलली आणि गावामागच्या टेकड्यांवरच्या जंगलात शिरले. त्याला दहा वर्षं झाली. अजून ते पुरते परत आलेले नाहीत, असं बायकोचं म्हणणं.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. त्यामुळे घरात मिठापेक्षा मलम लवकर संपलं तरी अडत नसे. मेव्हणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचा. गावातल्या प्रत्येक दाराचा पत्ता त्याला पाठ होता, फक्त स्वतःच्या तोलाचा पत्ता नव्हता. दर रविवारी सकाळी तो भावोजींच्या मागे जंगलात जायचा आणि दर रविवारी दुपारी बहिणीच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून आपण कसे गेलो ते सांगायचा. सांगण्यात तो कधीच पडत नसे.

जंगलातली वाट चांगली दोन कोस लांब. पण मिस्त्रींचा जीव होता तो मधल्या ऐंशी पावलांत. तिथे वाट टेकडीच्या अंगावरून आडवी जायची आणि वाटेची जमीनच मुळी खालच्या ओढ्याकडे कललेली. घराच्या उतरत्या छपरावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकल न्यायची म्हटलं तर कसं होईल, तसंच. वर पालापाचोळा, मधूनच झाडांची जाडजूड मुळं. सगळे सायकलवाले त्या तुकड्याला 'तिरकी' म्हणायचे.

तिरकीवर आलं की माणसाचं अंग आपोआप टेकडीकडे झुकतं. वाटतं, आधाराला जमीन तिकडे आहे. आणि झुकलं की संपलं. चाकं खालून सटकतात आणि आपण गालाने टेकडीचा मुका घेतो. खरं करायचं असतं ते उलटं. ब्रेक काय दाबायचा तो आधी दाबून घ्यायचा, वरच्या कडेने आत शिरायचं, ओढ्याकडचं पेडल खाली ठेवून सगळा भार त्याच पायावर द्यायचा आणि नजर मुळांवर नाही, मुळांच्या पलीकडे. थोडक्यात, ज्या बाजूला पडायची भीती त्याच बाजूला पाय घट्ट रोवायचा. हे मिस्त्रींना जमायला तीन वर्षं लागली. जमलं तेव्हा त्यांना असं वाटलं की सहा दिवस जमिनीला शिस्त लावणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी जमिनीने शिस्त लावली, आणि गंमत म्हणजे त्याचा राग आला नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात मेव्हणा तिथे पडला. खांद्याचं हाड मोडलं, हात सहा आठवडे गळ्यात.

कसा पडला, ते मिस्त्रींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्याबरोबर सायकलवर आलेल्या बेकरीवाल्याने खालच्या वळणावर फोटो काढायला फोन धरला होता, आणि मेव्हण्याने ऐन मुळांवर एक हात सोडून केस नीट केले. बस्स. पण दवाखान्याच्या बाकावर बायकोने विचारलं, "कसं झालं हो?" तेव्हा आत पडलेल्या मेव्हण्याने दारातून असे काही डोळे केले, की मिस्त्री बोलून गेले, "वाट फार कललेली आहे तिथे."

"मग सरळ करा," बायको म्हणाली.

"अगं, जंगलातली वाट आहे."

"लोकांच्या मोऱ्या सरळ करता ना? माझ्या भावासाठी ऐंशी पावलं होत नाहीत?"

आता बायकोला तिचा भाऊ बावळट आहे हे सांगायचं, की टेकडी कोरायची? मिस्त्रींनी विचार केला आणि टेकडी सोपी वाटली.

वाटेवर पडलेल्या फांद्या उचलायची परवानगी सायकलवाल्यांना होतीच. मिस्त्रींनी त्या परवानगीला जरा ताण दिला. तीन रविवार कुदळ, फावडं, दोरी आणि पाणसळ घेऊन ते तिरकीवर राबले. टेकडीच्या बाजूने माती कापली, ओढ्याच्या बाजूला भरली, जड धुमसाने ठोकून घट्ट केली. नुसती सपाट करून त्यांचं समाधान झालं नाही. चाक ओढ्याकडे जाऊच नये म्हणून त्यांनी वाटेला दोन बोटं ढाळ दिला, आत, टेकडीच्या बाजूला. काम असं देखणं झालं की बेकरीवाला म्हणाला, "मिस्त्री, आता इथे फक्त सोफा टाकायचा बाकी आहे."

बायको खूश. मेव्हणा तर फारच खूश. मिस्त्री स्वतः त्यावरून एकदा गेले. कुणाच्या तरी घराच्या पॅसेजमधून गेल्यासारखं वाटलं. दुसऱ्या टोकाला पोचून ते थोडा वेळ उगाच साखळी तपासत बसले.

पाऊस सुरू झाल्यावर तीन आठवडे जंगलात कुणी गेलं नाही. चौथ्या रविवारी मिस्त्री आणि मेव्हणा गेले तर वाटेच्या तोंडाशी चार स्क्रूंनी बसवलेली पाटी: वाट बंद. आणि पाटीपाशी रेनकोट घातलेल्या वनरक्षक बाई, वहीत काहीतरी लिहीत.

"काय झालं बाई?" मिस्त्रींनी विचारलं.

"या, दाखवते."

तिरकी राहिली नव्हती. टेकडीवरून आलेलं पाणी मिस्त्रींनी दिलेल्या ढाळावर, आतल्या कडेला साठलं होतं. बाहेर जायला जागा नाही म्हटल्यावर ते वाटेनेच धावत सुटलं आणि शेवटच्या टोकाला भगदाड पाडून दोन झाडांखालच्या मातीसकट ओढ्यात उतरलं होतं. झाडांची मुळं हवेत लोंबत होती. ओढा चहासारखा.

"इतकी वर्षं इथे काही झालं नाही," बाई म्हणाल्या. "वाट बाहेरच्या बाजूला कललेली होती, पाणी यायचं तसं निघून जायचं. कुणीतरी शहाण्याने ती आत वळवली. कोण ते कळलं तर बरं होईल."

मेव्हणा एकदम झाडाच्या शेंड्याकडे बघायला लागला.

"मी," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "धंदा काय करता?"

"फरशी बसवतो."

"मोरीला ढाळ कुठे देता?"

"जाळीकडे."

"मग इथे जाळी कुठे आहे?"

मिस्त्रींनी तीस वर्षांत हजारभर मोऱ्या केल्या असतील, एकीतही पाणी तुंबलं नव्हतं. आणि इथे, ज्या जमिनीवर त्यांचा सगळ्यांत जास्त जीव, तिथे पाणी जाईल कुठे हा पहिला प्रश्नच त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. त्या तीन रविवारी त्यांच्या डोळ्यांसमोर पाणी नव्हतंच. मेव्हण्याचा गळ्यातला हात होता आणि बायकोचा चेहरा.

बाईंनी वही मिटली. "महिन्याने साहेब बघायला येणार आहेत. तोवर ही जागा होती तशी झाली आणि एका चांगल्या पावसात टिकली, तर मी तसं लिहीन. नाही तर वाट कायमची बंद. इथे झाडं लावून टाकू."

"करतो," मिस्त्री म्हणाले.

घरी येताना मेव्हणा मागून हळूच म्हणाला, "भावोजी, ताईला काय सांगणार?"

"तूच सांग ना काय सांगू."

जेवणाच्या टेबलावर बायकोने ऐकून घेतलं आणि चमचा खाली ठेवला. "म्हणजे पुन्हा वाकडी करणार? माझा भाऊ जिथे मोडला तिथे?"

"होती तशी करणार."

"अजिबात नाही. बंद होते तर होऊ दे. तळ्याभोवती चालवा की सायकल, डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं."

मिस्त्रींनी पाण्याचा पेला उचलला, नुसताच टेबलावर फिरवला आणि खाली ठेवला. खरं काय ते सांगणं एका वाक्याचं काम होतं, पण ते वाक्य त्यांच्या मालकीचं नव्हतं. टेबलाच्या त्या बाजूला मेव्हणा अचानक फार मन लावून जेवत होता. बायकोने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे. औषधांच्या दुकानात वीस वर्षं काढलेल्या बाईला कुणाच्या पोटात काय आहे ते लवकर कळतं.

"तू का रे इतका गप्प?"

"ताई," मेव्हणा म्हणाला, "वाटेचं काही चुकलं नव्हतं."

"मग?"

"मी एक हात सोडला होता."

"कशाला?"

मेव्हण्याने मान खाली घातली. "केस नीट करायला. फोटो काढत होते."

बायको त्याच्या डोक्याकडे बघत म्हणाली, "आहेत किती ते केस?" आणि हसायलाच लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसून झाल्यावर मिस्त्रींकडे वळली. "आणि अहो, तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि मला सांगायच्या ऐवजी तुम्ही टेकडी कापलीत?"

"तुझा भाऊ आहे म्हणून..."

"भाऊ माझा आहे, अक्कल त्याची आहे. पुढच्या वेळी सरळ मला सांगायचं," ती म्हणाली. "कुदळ एकच आहे का दोन?"

पुढचे तीन रविवार तिघं तिरकीवर होते. मेव्हणा माती वाहत होता, कारण त्याला बोलायला तोंडच उरलं नव्हतं. बायको लोंबणाऱ्या मुळांखाली दगड रचत होती आणि प्रत्येक दगडागणिक "केस ठीक आहेत ना रे?" असं विचारत होती. मिस्त्रींनी बाहेरची भर काढून आतल्या कडेला टाकली, बाहेरची कड उतरवली, आणि या खेपेला पाणसळ घरीच ठेवली. डोळ्यांनी काम केलं. जमीन आधी कशी होती ते त्यांच्या पायांना पाठ होतं. ओढ्याकडच्या पायावर भार कुठे वाढायचा, कुठे कमी व्हायचा, ते आठवत आठवत ते चालत होते आणि थांबून फावडं मारत होते.

शेवटी त्यांनी मोरीचं काम संपल्यावर करतात तेच केलं. ओढ्यातून बादल्या भरून आणल्या, मगाने वाटेच्या वरच्या कडेला पाणी ओतलं आणि उकिडवे बसून बघत राहिले. पाणी पातळ पसरलं, मुळाला वळसा घालून बाहेरच्या कडेवरून पाल्यात गेलं. दोन पावलं पुढे दुसरा मग. असे चाळीस मग. तिसाव्या मगाला पाणी जागेवरच थांबलं. मिस्त्री "हं" म्हणाले आणि तेवढी जागा पुन्हा खरवडली.

"बाईंना हे कळणार आहे का?" मेव्हणा म्हणाला.

"पाण्याला कळेल."

पाऊस आला तो बुधवारी. मिस्त्री एका नव्या घराच्या स्वयंपाकघरात होते. अकरा वाजता छपरावर असा धो धो कोसळायला लागला की हातातली फरशी हातातच राहिली. संध्याकाळपर्यंत त्यांनी फक्त सहा फरश्या बसवल्या, आणि त्यातल्या दोन पुन्हा काढल्या. घरमालक म्हणाला, "मिस्त्री, बरं नाही का?" ते म्हणाले, "एका जागी पाणी तुंबतंय का बघायचंय."

शनिवारी वनरक्षक बाईंचा निरोप आला, उद्या या. तिघं पोचले तेव्हा बाई तिरकी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून परत येत होत्या. बुटांना चिखल फक्त टाचेपर्यंत. त्यांनी एक काठी मुळाखालच्या मातीत खुपसून बघितली. ओढ्याकडे वाकून बघितलं. ओढा नितळ होता, तळातले गोटे दिसत होते. वाटेवर पावसाची एकही घळ नव्हती, नुसता पाला एका दिशेने विंचरल्यासारखा बाहेर वळलेला.

"बरं झालंय," बाई म्हणाल्या. "साहेबांना चालू ठेवा म्हणून लिहिते. पण दर पावसानंतर एकदा येऊन बघायचं. तुम्ही. दुसरा कुणी नाही."

"येईन."

"आणि यापुढे कुणाच्या भल्यासाठी काही करायचं झालं, तर आधी मला विचारायचं."

"त्यांना आता मीच विचारणार आहे," बायको म्हणाली.

बाईंनी खिशातून पेचकस काढून मिस्त्रींच्या हातात दिला. "पाटी तुम्हीच काढा. तुमच्याच नावाने लागली होती."

मिस्त्रींनी चारही स्क्रू एकेक करून काढले, पाटी बाईंच्या हातात दिली आणि सायकलवर बसले. बायको खालच्या वळणावर एका दगडावर जाऊन बसली. तिने दहा वर्षांत हे कधी पाहिलं नव्हतं. "फोन काढू का ताई?" मेव्हण्याने विचारलं, आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं की फोन खिशातच राहिला.

मिस्त्री वरच्या कडेने आत शिरले. ओढ्याकडचा पाय खाली, भार त्याच्यावर, नजर पुढे. पहिली मुळं गेली, दुसरी गेली. मधल्या ओल्या मुळावर मागचं चाक वीतभर खाली सरकलं. बायको उठून उभी राहिली. मिस्त्रींनी ब्रेकला हात लावला नाही, पायावरचा भार तेवढा वाढवला. चाकाने माती धरली आणि सायकल पुढे निघाली.

खाली येऊन ते बायकोजवळ थांबले. धाप लागलेली, चष्म्यावर चिखलाचे दोन ठिपके.

"मध्ये घसरलात की हो," ती म्हणाली.

"घसरलोच," मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुललेला होता की तिला पुढे काही विचारावंसंच वाटलं नाही.