खाऱ्या पाण्याने धुतलेली होडी

वाटणीत नदीकाठची विहीर थोरल्या भावाकडे गेली, मला वरच्या वाड्यावरचं घर मिळालं. सही केली तेव्हाच ठरवलं, त्या विहिरीवर पाय ठेवणार नाही. होडी मात्र माझी स्वतःची. दुसऱ्यांच्या होड्यांवर बारा वर्षं राबून, मालकाला घासाघीस करून जेरीला आणून घेतलेली.

यंदा मजुरीवरून रंगाऱ्याशी वाजलं. "मगे तूच रंगय," तो म्हणाला. चोपड्याच्या धक्क्यावर, चारचौघांत. "रंगयतंय," मी म्हटलं, "आणि दसऱ्याक पाण्यात घालून दाखयतंय."

जुना रंग खरवडला. नंतर होडी गोड्या पाण्याने धुऊन वाळवायची असते, लाकडात मीठ राहिलं की ते ओल धरतं. हे मला पोरवयापासून माहीत. पण जवळ गोडं पाणी फक्त भावाच्या विहिरीला, आणि घरून आणायचं तर अख्खी चढण. मी नदीचंच पाणी मारलं, भरतीने खारं झालेलं. दोन दिवस ऊन दिलं, वर निळ्या रंगाचे दोन हात. रंग असा चमकला की रंगाऱ्याला ओढत आणून दाखवावा.

चौथ्या दिवशी बुडाला फोड आले. नखाने एक टोचला तर आत पाणी. दसरा सहा दिवसांवर.

विहिरीजवळच्या भावाच्या अंगणात वहिनी कपडे वाळत घालत होती. "भावोजी, खाऱ्या पाण्यान धुतलास मां?"

"कोण सांगता?"

"होडी सांगता. विहिरीन तुमचा काय घोडा मारल्यान?"

पडवीतून भाऊ म्हणाला, "त्याका इचारू नको. तो विहिरीचो पण भाव करीत."

डोकं सणकलं. रागाच्या भरात सगळा रंग पुन्हा खरवडला, बोटं सोलवटली. मग कोणाला न विचारता बादली विहिरीत सोडली. भाऊ काही बोलेल, म्हणजे मलाही बोलता येईल, म्हणून मुद्दाम रहाट जोरात ओढत होतो. तो आत निघून गेला. ते जास्त झोंबलं.

त्या पाण्याने होडी धुतली आणि पुढचे पाच दिवस मी दर तासाला लाकडावर तळहात ठेवून, वाळलं का ते पाहत होतो. मध्येच एक सर येऊन गेली.

दसऱ्याला बाकीच्या होड्या झेंडूच्या माळा घालून पाण्यात होत्या. रंगारी मुद्दाम माझ्याजवळून गेला. "खंयच्या वर्साच्या दसऱ्याक म्हणालेलंस रे?"

शिवी ओठावर आली. पण हात बुडाला लागलेला होता, आणि लाकूड अजून ओलसर गार होतं. रंगाच्या डब्याचं झाकण मी काढलं नाही.